किक शॉटचा नेम : आधी जोर, मग आकडा

धुळ्यात मी ज्या पूल-स्नूकरच्या क्लबात खेळतो तिथे किक शॉटला कुणी शॉट मानतच नाही. समोरच्याने व्हाइट, म्हणजे क्यूच्या काठीने मारायचा पांढरा बॉल, दुसऱ्या बॉलच्या आड नेऊन ठेवला, आपला (ज्याला लावायचं तो) बॉल सरळ दिसेनासा झाला, की माणूस अंदाजाने एखाद्या कुशनवर, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवर मारतो. लागला तर नशीब, नाही लागला तर फाउल. पॉटिंगसाठी, म्हणजे बॉल पॉकेटात घालण्यासाठी, वर्षानुवर्षं मेहनत घेणारी माणसं ज्या शॉटवर आख्खी फ्रेम फिरते तो शॉट असा सोडून देतात, हे मला कधीच पटलं नाही. म्हणून मागच्या पावसाळ्यात मी बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त किक शॉट शिकायला घेतला.

पावसाळाच का, तर माझं काम मोटार वाइंडिंगचं. एप्रिल-मे महिन्यांत शेतातल्या पाणबुडी मोटारी जळून येतात तेव्हा दुकानातून मान वर काढता येत नाही. एकदा पाऊस लागला आणि विहिरींना पाणी आलं की संध्याकाळ मोकळी. त्या वेळेला क्लबही रिकामा असतो, टेबल अडवून ठेवलं म्हणून कुणाची कुरकुर नसते.

ज्यांना खेळ फारसा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपला बॉल आधी कुशनला लावून पॉट करणं म्हणजे बँक. किकमध्ये व्हाइटच आधी कुशनला जातो आणि तिथून फिरून बॉलला भेटतो. नाइन-बॉलमध्ये टेबलावरच्या सगळ्यांत लहान नंबरच्या बॉलला व्हाइट आधी लागला पाहिजे, नाहीतर फाउल, आणि समोरच्याला व्हाइट हातात. तो हवा तिथे ठेवून खेळतो. लागोपाठ तीन फाउल झाले तर गेमच जातो. शिवाय नुसतं लागणं पुरत नाही. बॉलला लागल्यानंतर कुठला तरी बॉल कुशनला जायला हवा किंवा पॉट व्हायला हवा. म्हणजे अगदी हळू, जपून नेऊन टेकवला तरी फाउलच. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा, कारण जोराची सगळी गोष्ट त्याच्याशी बांधलेली आहे.

आमच्या क्लबात स्नूकरची टेबलं आहेत आणि एक नऊ फुटी अमेरिकन पूल टेबल. स्नूकरच्या लाकडावर खुणा नसतात. पूलच्या लाकडावर असतात. लांब बाजूला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आठ भाग, आखूड बाजूला चार. नऊ फुटी टेबलाची खेळायची जागा १०० इंच बाय ५० इंच, म्हणजे दोन खुणांमध्ये साडेबारा इंच. या पांढऱ्या ठिपक्यांना सगळे डायमंड म्हणतात, मग ते गोल असले तरी. मी दुकानातली टेप नेऊन पहिल्याच दिवशी सगळं मोजून घेतलं होतं आणि आता गणित सुरू करायचं या तयारीने उभा होतो.

क्लबातले मार्कर, म्हणजे टेबलं आणि गुण सांभाळणारे, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, त्यांनी टेप बघितली आणि ती खिशात ठेवायला सांगितली. "पहिले जोर बसाड, मंग आकडा देख." नाना साक्रीकडचे, बोलतात ते अहिराणीतच. त्यांनी व्हाइट एका टोकाला ठेवला आणि समोरच्या आखूड कुशनला लावून परत आपल्या बाजूच्या कुशनजवळ आणून थांबवायला सांगितला. नुसता व्हाइट. दुसरा एकही बॉल टेबलावर नाही. सामन्याआधी ब्रेक कुणाचा हे ठरवायला जो लॅग करतात, तोच जोर. त्यानंतर त्याहून थोडा जास्त, म्हणजे परत येऊन मागच्या कुशनला लागून मधल्या पॉकेटांच्या रेषेपर्यंत. या दुसऱ्या जोराला नाना "आपला जोर" म्हणायचे. बऱ्याच संध्याकाळी मी एवढंच करत होतो. शेजारच्या टेबलावरची पोरं विचारायची, "भाऊ, गेम लावायचा का?" मी नाही म्हणायचो.

हा जोर हातात बसल्यावर नानांनी जे दाखवलं त्याने माझा सगळा विचार बदलला. व्हाइट एका ठरलेल्या जागी ठेवला. वहीच्या पानांच्या भोकांना चिकटवतात त्या कागदी रिंगांपैकी एक कापडावर लावून ती जागा पक्की केली. समोरच्या लांब कुशनवर एकच बिंदू ठरवला. आणि त्याच बिंदूवर तीन वेगवेगळ्या जोरांनी मारायला सांगितलं. हळू मारला तेव्हा व्हाइट कुशनवरून उघडून, लांब गेला. "आपल्या जोराने" मारला तेव्हा जवळपास आला त्याच कोनात परतला. जोरात मारला तेव्हा आखूड आला, कुशनपासून जास्त उभा निघाला. नेम एकच, बिंदू एकच, आणि व्हाइट पोहोचला तीन वेगळ्या ठिकाणी. "आते सांग, हाऊ बॉल कोठे जाई, हे तुना आकडा सांगी का तुना हात?"

यामागचं कारण मी नंतर समजून घेतलं, कारण कारण कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. कुशनची धार बॉलच्या मध्यावर नसते. ती बॉलच्या व्यासाच्या साधारण ६३.५ टक्के उंचीवर, म्हणजे मध्याच्या वर असते. बॉल कुशनला लागतो तेव्हा रबर त्याला थोडं खालीही दाबतं. जोराचा बॉल रबरात खोल जातो आणि रबर त्याला जास्त उभा बाहेर फेकतं. शिवाय जोराचा बॉल बरंच अंतर कापडावर नुसता घसरत जातो, त्याला पुढची लोळण कमी असते. हळू बॉल मात्र कुशनपर्यंत पूर्ण लोळत पोहोचतो. कुशनवरून परत फिरला तरी ती लोळण अंगात शिल्लक असते आणि ती त्याला पुन्हा कुशनच्याच दिशेला ओढते. म्हणून त्याची वाट किंचित वळते आणि लांब जाते. म्हणजे आरशासारखा सम कोन हा रबराचा गुण नाही, तो एका ठरावीक जोराला मिळणारा हिशोब आहे. हे ज्याला कळलं नाही त्याने डायमंडचे कितीही आकडे पाठ केले तरी आज जमतं आणि उद्या जमत नाही.

तेव्हापासून मी मध्याच्या जरासं वर मारायला लागलो, साइड, म्हणजे बॉलच्या डाव्या-उजव्या अंगाला मारून दिलेली फिरकी, अजिबात न लावता. वर मारल्याने व्हाइट लवकर लोळायला लागतो आणि कुशन जवळ असो की दूर, तो जवळपास सारख्याच अवस्थेत पोहोचतो. क्यू शक्य तितका आडवा. मागचा हात उचलला तर नकळत साइड लागते, आणि किकमध्ये नकळत लागलेल्या साइडइतकं घातक काही नाही. ज्या दिशेला व्हाइट चालला आहे त्याच बाजूची साइड लागली, तिला रनिंग साइड म्हणतात, तर कोन उघडतो. उलट, म्हणजे चेक साइड लागली तर कोन मिटतो. हा फरक डोळ्यांना दिसेल एवढा असतो.

आता टेप बाहेर आली. एका कुशनच्या किकचा नेम शोधायची सगळ्यांत स्वच्छ रीत म्हणजे आरसा. आपला बॉल कुशनपासून जितका आत आहे तितकाच कुशनच्या पलीकडे आहे असं धरायचं आणि त्या पलीकडच्या बॉलवर सरळ नेम धरायचा. मी टेबलाबाहेर प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, त्यावर पाण्याची बाटली, टेपने अंतर मोजून. व्हाइटच्या मागून बाटलीकडे बघायचं, कुशन आहे हे विसरायचं आणि आपल्या जोराने मारायचं. पहिल्या दिवशी व्हाइट बॉलला लागत होता, पण दर वेळी एकाच बाजूने थोडा सरकून.

तो सरकणारा फरक शोधायला मला वेळ लागला, आणि शिकण्यातला हा भाग मला सगळ्यांत जास्त आवडला. बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन इंच. व्हाइटचा मध्य कुशनच्या धारेपर्यंत कधी पोहोचतच नाही. तो एक इंचाहून थोडा अलीकडूनच परत फिरतो. म्हणून आरसा धारेवर नाही, धारेच्या अर्ध्या बॉलइतका, म्हणजे १.१२५ इंच आत उभा आहे असं धरावं लागतं. माझ्या टेबलावर आपला बॉल धारेपासून २५ इंच आत होता. मी बाटली धारेपासून २५ इंच बाहेर ठेवली होती. ती खरं तर पावणेतेवीस इंचांवर हवी होती. फरक सव्वादोन इंचांचा, म्हणजे आख्ख्या एका बॉलचा. बाटली आत सरकवली आणि व्हाइट बॉलच्या मध्यावर जायला लागला.

डायमंडच्या बाबतीतही हेच आहे. डायमंड लाकडावर असतात, कुशनच्या धारेपासून सुमारे पावणेचार इंच मागे. "तीन नंबरच्या डायमंडवर मार" असं कुणी सांगितलं तर विचारायचं, डायमंडच्या समोर धारेवर, की डायमंडच्या आरपार? तिरप्या कोनात या दोन बिंदूंमध्ये दोन-तीन इंचांचं अंतर सहज पडतं. आमच्याकडे लोक एकाच आकड्यावरून भांडतात आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण एक धारेवर बघतो आणि दुसरा लाकडावर.

सामन्यात स्टूल आणि बाटली नसते. टेबलावर खूण करता येत नाही, पण क्यू हातात धरून मापायला हरकत नाही. तिथे मी प्रमाण वापरतो. समजा व्हाइट कुशनपासून दोन डायमंड आत आहे, आपला बॉल एक डायमंड आत, आणि कुशनच्या लांबीवर दोघांमध्ये तीन डायमंडांचं अंतर आहे. मग ते तीन दोनास एक असे वाटायचे. व्हाइटपासून दोन डायमंड पुढे, बॉलपासून एक डायमंड अलीकडे, तिथे कुशन. दोन्ही बॉल सारखेच आत असतील तर सरळ मधोमध. आकडे इतके सोपे नसतात तेव्हा फुलीची रीत चालते. व्हाइटपासून बॉलच्या समोरच्या कुशनवरच्या बिंदूपर्यंत एक रेषा मनात काढायची, बॉलपासून व्हाइटच्या समोरच्या बिंदूपर्यंत दुसरी, आणि जिथे फुली होते तिथून कुशनवर सरळ उतरायचं. तोच बिंदू. क्यू हवेत धरून या दोन रेषा बघायला काही सेकंद लागतात. अंतरं मात्र धारेपासून न मोजता त्याच इंचभर आतल्या रेषेपासून मोजायची.

एक गोष्ट या हिशोबातून आपोआप कळते, आणि ती मला कुणी सांगितली नव्हती. दोन्ही बॉल कुशनपासून सारख्या अंतरावर असतील तर कुशनवरची अर्ध्या इंचाची चूक बॉलपाशी एक इंच होते. आपला बॉल कुशनला जितका जवळ तितकी ही चूक कमी वाढते. म्हणून दोन-तीन कुशनांतून निवडायची वेळ आली तर मी आपल्या बॉलजवळचं कुशन घेतो, व्हाइटजवळचं नाही. शिवाय आपल्याला वाटतं त्यापेक्षा जागा मोठी असते. बॉल सव्वादोन इंचांचा असला तरी व्हाइटचा मध्य बॉलच्या मध्यापासून कुठल्याही बाजूला सव्वादोन इंचांच्या आत आला तर स्पर्श होतोच, म्हणजे एकूण साडेचार इंचांचं दार उघडं असतं. बॉल कुशनच्या जवळ पण न चिकटलेला असेल तर आधी कुशन आणि मग बॉल असाही स्पर्श होतो, दार आणखी मोठं. फाउल टाळण्यापुरता किक शॉट यामुळे इतका अवघड राहत नाही.

अवघड आहे ते त्याच्या पुढचं. माझा मावसभाऊ दोंडाईच्याहून येतो आणि चांगला खेळतो. दिवाळीत आम्ही बसलो तेव्हा त्याने मला वारंवार लपवलं आणि मी बहुतेक वेळा बॉल लावला. फाउल नाही झाले. पण लावल्यानंतर व्हाइट त्याच्यासाठी मोकळा पडायचा आणि तो टेबल साफ करायचा. त्या रात्री शेवभाजी खाताना आम्ही दोघं याच गोष्टीवर बोलत बसलो, आणि दुसऱ्या दिवसापासून सरावाचा विषय बदलला. बॉलला लागायचं का, हा प्रश्न संपला होता. बॉलच्या कुठल्या अर्ध्याला लागायचं, हा सुरू झाला. पूर्ण भरून लावला तर व्हाइट तिथेच थांबतो आणि बॉल लांब जातो. पातळ लावला तर बॉल जेमतेम हलतो आणि व्हाइट पळतो. मी आता नेम धरताना आधी ठरवतो की दोघांपैकी कोण लांब जायला हवा, आणि आरशातला बॉल त्याप्रमाणे अर्धा बॉल डावीकडे किंवा उजवीकडे सरकवून धरतो. कुशनला बॉल नेण्याचा नियम मी वर सांगितला तो इथे कामी येतो. "आपला जोर" त्यासाठी पुरेसा असतो, भरून लागला की बॉल कुशनपर्यंत जातोच. त्याहून हळू मारायचा मोह होतो तेव्हा नाना लांबूनच बोट हलवतात.

दोन कुशनांची किक त्यानंतर. आखूड आणि लांब अशा दोन शेजारच्या कुशनांना लागून व्हाइट परत येतो तेव्हा त्याची जाण्याची आणि येण्याची वाट समांतर असते, धुळ्याच्या जुन्या गावातल्या नंबरी गल्ल्यांसारखी. म्हणून रीत अशी : व्हाइट आणि आपला बॉल यांच्या मधोमधचा बिंदू काढायचा, तिथून क्यू कोपऱ्याकडे धरायचा, आणि क्यूची दिशा न बदलता तो सरकवत व्हाइटवर आणायचा. ती दिशा म्हणजे नेम. भूमितीने हे काटेकोर सिद्ध होतं. टेबलावर मात्र दुसऱ्या कुशनला व्हाइट थोडा आखूड येतो, म्हणून मी इथे थोडी रनिंग साइड लावतो. साइड किती, हे कागदावरून ठरत नाही. क्यूच्या टोकाची अर्धी रुंदी मध्यापासून बाजूला, एवढं आमच्या टेबलाला पुरतं.

समोरासमोरच्या दोन लांब कुशनांमधून झेडसारखी जाणारी किक बघायची असेल तर फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसने १९९५ साली अमेरिकेत रीनो इथे अर्ल स्ट्रिकलँडविरुद्ध मारलेला शॉट शोधून बघा. लपवलेला बॉल त्याने दोन कुशनांनी नुसता लावला नाही, पॉट केला. आमच्या क्लबात तो मोबाइलवर सगळ्यांनी बघितला आहे आणि सगळे त्याला जादू म्हणतात. रेयेसचं टोपणनावही "द मॅजिशियन", म्हणजे जादूगार, असंच आहे. मी तो शॉट बघतो तेव्हा व्हाइटचा वेग बघतो. त्याने तो हाणलेला नाही. शांत, मोजका जोर आहे. म्हणूनच तो शॉट मला शिकण्यासारखा वाटतो.

तीन कुशनांसाठी जगभर एक जुनी पद्धत चालते, कोपऱ्याला पाच धरण्याची. व्हाइट जिथून निघतो त्याचा आकडा, वजा तिसऱ्या कुशनवर जिथे पोहोचायचं तो आकडा, बरोबर पहिल्या कुशनवरचा आकडा. व्हाइट कोपऱ्यातून निघतोय, म्हणजे पाच. तिसऱ्या कुशनवर दोनला जायचंय. पाच वजा दोन, तीन. समोरच्या लांब कुशनवर पलीकडच्या कोपऱ्याकडून मोजत तिसरा डायमंड, आरपार, रनिंग साइड लावून. मी ही रोज वापरत नाही, पण टेबल ओळखायला तिच्याइतकं चांगलं साधन मला सापडलेलं नाही.

ते असं. थंडी सुरू झाली तेव्हा क्लबाने कापड बदललं. जुन्या कापडावर चॉक आणि आमच्याकडची धूळ इतकी बसली होती की व्हाइट कुशनला धरून राहायचा. नव्या कापडावर तो घसरायला लागला आणि सगळे एका कुशनचे शॉट लांब जायला लागले. मंडळी म्हणाली, टेबल बिघडलं. मी नानांबरोबर एक पूर्ण संध्याकाळ पुन्हा व्हाइट एकटा मारत बसलो. आधी लॅग, कारण नव्या कापडावर त्याच हाताने व्हाइट जास्त लांब धावतो आणि "आपला जोर" नव्याने बसवावा लागतो. मग आरसा, बाटली बाहेर ठेवून. जोर जुळल्यावर एका कुशनचा फरक फार थोडा उरला, आणि तो मी कुशनवरचा बिंदू थोडा अलीकडे घेऊन भरून काढतो.

आता कुठल्याही नव्या टेबलावर गेलो, शहाद्याला असो की जळगावला, की पहिली फ्रेम लावण्याआधी दोन गोष्टी बघून घेतो. एकदा लॅग करतो. आणि एकदा कोपऱ्यातून तीनच्या डायमंडच्या आरपार मारून तिसऱ्या कुशनवर व्हाइट दोनला येतो का, हे बघतो. दोनच्या पुढे-मागे जितका आला तितका आकडा त्या दिवसापुरता हलवून घेतो. उन्हाळ्यात दुकानातून वेळ मिळत नाही, पण नानांनी सांगून ठेवलंय की मे महिन्याच्या कोरड्या हवेत कापड पुन्हा वेगळं वागतं, तेव्हा दुपारी अर्धा तास तरी येऊन जायचं. यंदा ते बघणार आहे.